सहावी ते आठवीचे गणित: कुठे अडले ते शोधा, मग तिथूनच बांधत या

गोव्यात सहावी-सातवीतल्या मुलाचे गणित कच्चे निघाले की बहुतेक घरांत लगेच शिकवणी लावली जाते. शिकवणीत शाळेचा चालू धडा पुन्हा एकदा होतो. गुण थोडे वाढतात, पण पुढच्या धड्याला मूल तिथेच अडते. याचे कारण असे की सातवीत समीकरण न येण्याचे मूळ फार वेळा सातवीच्या पुस्तकात नसतेच. ते चौथीच्या हातच्याच्या वजाबाकीत असते, पाचवीच्या अपूर्णांकांत असते, नाहीतर '=' या चिन्हाचा अर्थच चुकीचा बसलेला असतो. म्हणून आधी गळती शोधायची, ती बुजवायची आणि मग वर चढायचे. रोज ३० मिनिटे दिली तर साधारण १२ आठवड्यांत हे काम होते. पालकांना गणित येत नसले तरी यातले बरेचसे घरी करता येते, कारण इथे मुख्य काम शिकवण्याचे नसून नीट ऐकून घेण्याचे आहे.

पहिले काम: दहा गणितांची तपासणी

कोऱ्या कागदावर खालची गणिते द्या. वेळ ४० मिनिटे, पण घड्याळ दाखवू नका. पेन्सिल नको, पेन द्या. खोडलेली चूक कायमची जाते आणि आपल्याला तर चूकच पाहायची आहे.

१) ५००३ − १२७८
२) ४०८ × ७
३) १२२४ ÷ १२
४) ३/४ + १/६
५) मोठी संख्या कोणती: ०.५ की ०.३५? आणि ०.४ की ०.४५?
६) ७ + ५ = □ + ४
७) −३ − ५
८) ३५० चे २० टक्के
९) ३अ + ४ब हे अजून सोपे करता येईल का?
१०) एक काम ६ माणसे ८ दिवसांत करतात. तेच काम ४ माणसे किती दिवसांत करतील?

उत्तरे क्रमाने अशी: ३७२५, २८५६, १०२, ११/१२, ०.५ आणि ०.४५, ८, −८, ७०, नाही, १२ दिवस.

सोडवून झाल्यावर बरोबर-चूक सांगायच्या आधी प्रत्येक गणिताला विचारा, "कसं केलंस ते सांग बघू." बरोबर आलेल्या गणितालाही विचारा. मूल बोलत असताना मध्ये सुधारू नका. एकदा सुधारले की पुढचे गणित ते तुमचा चेहरा बघून सांगते.

आता चुका वाचायच्या. पहिल्याचे उत्तर ४२७५ आले असेल, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. वर कोण आणि खाली कोण हे ते पाहतच नाही. दुसऱ्याला २८०६ आले तर शून्याच्या घरात हातचा मिळवायचा राहिला. तिसऱ्याला १२ आले तर भागाकारातले शून्य गळाले. चौथ्याला ४/१० म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. पाचव्याला दोन जोड्या मुद्दाम दिल्या आहेत. "३५ हे ५ पेक्षा मोठे" म्हणणारे मूल पहिल्या जोडीत सापडते. पण "दशांशात जास्त अंक म्हणजे लहान संख्या" असा उलटा समज असलेले मूल पहिली जोडी बरोबर सांगते आणि दुसरीत अडकते. सहाव्याला १२ लिहिले तर '=' चा अर्थ 'आता उत्तर लिही' एवढाच लागला आहे. सातव्याला ८ आले तर 'दोन ऋण मिळून धन' हा गुणाकाराचा नियम बेरजेत घुसला. नवव्याला ७अब लिहिणारी मुले आठवीतही भरपूर असतात. दहाव्याला पाच-सव्वापाच दिवस आले तर माणसे कमी झाल्यावर काम लवकर कसे संपेल, हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारलाच नाही.

सगळ्यात वरची चूक जिथे आहे तिथून सुरुवात करा. पहिल्या तीनपैकी एक जरी चुकले असेल तर समीकरणांना हात लावू नका, चाचणी तोंडावर आली असली तरी.

पाचवीत बदललेली भाषा

इथली पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. नेमके त्याच वर्षी अपूर्णांक, लसावि-मसावि आणि दशांश मोठ्या प्रमाणात येतात. त्यामुळे मुलाला संकल्पना कळली नाही की फक्त शब्द कळला नाही, हे वेगळे काढावे लागते. तपासायला सोपे आहे: तेच गणित मराठीत सांगून बघा. सुटले तर अडचण शब्दाची.

अशा मुलासाठी एक पातळ वही करा. पानावर तीन रकाने: मराठी शब्द, शाळेतला शब्द, आणि चित्र किंवा उदाहरण. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एल.सी.एम., मसावि म्हणजे एच.सी.एफ., परिमिती म्हणजे पेरिमीटर, क्षेत्रफळ म्हणजे एरिया, समप्रमाण म्हणजे डायरेक्ट प्रपोर्शन, व्यस्त प्रमाण म्हणजे इन्व्हर्स प्रपोर्शन. चाळीस-पन्नास शब्दांत आठवीपर्यंतचे काम भागते. तिसरा रकाना मुलाने स्वतः भरायचा. तो कोरा राहिला तर बाकीचे दोन रकाने नुसती घोकंपट्टी.

शब्दांपेक्षा जास्त फसवतो तो शब्दांचा क्रम. मराठीत आपण '१२ ने ३६ ला भागा' म्हणतो, म्हणजे भाजक आधी येतो. शाळेत 'डिव्हाइड थर्टीसिक्स बाय ट्वेल्व्ह' असे येते. दोन्हींची सरमिसळ झाली की वहीत १२ ÷ ३६ उमटते. 'फाइव्ह लेस दॅन एक्स' ऐकून मूल ५ − एक्स लिहिते, कारण ५ आधी कानावर पडले. तेच मराठीत 'एक्सपेक्षा ५ ने कमी' म्हटले की एक्स आधी येतो आणि एक्स − ५ सरळ लिहिता येते. म्हणून शाब्दिक उदाहरण मनातल्या मनात मराठीत म्हणून बघायची सवय मोडू नका. माध्यम इंग्रजी आहे म्हणून विचारही इंग्रजीतच करायला लावणे हा मुलावर अन्याय आहे.

सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारे मूल सहावीतही भेटते. मराठीत एकक आधी उच्चारतो, इंग्रजीत दशक. रोज दहा संख्या तोंडी सांगून लिहवून घ्या, त्यात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हमखास असू द्या. आठवडाभरात सुधारते.

पाढे: फक्त दहा गुणाकारांचा प्रश्न

पाढे ओळीने म्हणता येणे आणि ७ × ८ विचारल्यावर लगेच ५६ सांगता येणे यांत फरक आहे. 'सात एके सात' पासून चढत यावे लागत असेल तर अपूर्णांक सोडवताना सगळे लक्ष पाढ्यातच खर्च होते.

१० पर्यंतच्या पाढ्यांत २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे पक्के असतील, तर उलटसुलट जोड्या वगळून फक्त दहा गुणाकार उरतात: ६×६, ६×७, ६×८, ६×९, ७×७, ७×८, ७×९, ८×८, ८×९, ९×९. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून दहा पत्ते कापा. एका बाजूला गुणाकार, दुसऱ्या बाजूला उत्तर. पत्ते पिसून रोज पाच मिनिटे. तीन सेकंदांत आले तर उजवीकडे, नाही आले तर डावीकडे. डावीकडचे उद्या पुन्हा, उजवीकडचे ३ दिवसांनी, मग ७, मग १४ दिवसांनी. दुसऱ्या आठवड्यापासून पत्ता उलटा धरा: ५६ दाखवा आणि कशाकशाचा गुणाकार ते विचारा. छेद सोपा करणे, लसावि काढणे आणि पुढे अवयव पाडणे हे सगळे या उलट्या वाचनावर चालते.

मुलाने 'सात आठे छप्पन्न' अशा चालीत पाढे पाठ केले असतील तर ते तसेच राहू द्या. इंग्रजीत नव्याने पाठ करायला लावू नका.

अपूर्णांक: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बारापैकी निदान चार आठवडे अपूर्णांकांना जाऊ देत. टक्केवारी, गुणोत्तर, चाल, समीकरणे सगळे यावरच उभे आहे.

सुरुवात घरातल्या भाषेपासून होते. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, पावणेतीनशे हे शब्द मुलाच्या कानावर लहानपणापासून आहेत. पावणेतीनशे म्हणजे २७५, म्हणजे २ पूर्णांक ३/४ शेकडे. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. ते सगळे परत आणायची गरज नाही, पण पाऊणकी आणि दिडकी तोंडी घ्या: ८ चे पाऊणपट ६, १२ चे ९, १६ चे १२; ८ च्या दीडपट १२, १४ च्या दीडपट २१. पाऊणपट काढायला आधी पाव काढायचा आणि मूळ संख्येतून वजा करायचा, हे मूल दोन दिवसांत स्वतःच शोधते.

मग पट्ट्या करा. पुठ्ठ्याच्या २४ सेमी लांब आणि ३ सेमी रुंद अशा सात पट्ट्या कापा. २४ घेण्याचे कारण त्याचे २, ३, ४, ६, ८ आणि १२ असे सगळे समान भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. एक पट्टी अख्खी ठेवा, बाकी सहांवर अनुक्रमे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेमीवर रेघा मारा. रेघा मुलानेच मोजून मारायच्या. घाईत पट्टीचे टोक शून्यावर न धरता १ वर धरले की सगळे भाग चुकतात, तेवढे पाहा.

आता ३/४ + १/६. चौथ्या भागांच्या पट्टीवर तीन भाग म्हणजे १८ सेमी, सहाव्या भागांच्या पट्टीवर एक भाग म्हणजे ४ सेमी. टोकाला टोक लावा: २२ सेमी. ही लांबी चौथ्यांच्या रेघेवर बसत नाही, सहाव्यांच्याही नाही. एकेक पट्टी लावून बघायला सांगा. बाराव्या भागांच्या पट्टीवर ती अकराव्या रेघेवर अचूक येते. समान छेद का करायचा हे सांगावे लागत नाही: दोन्ही तुकडे ज्याच्या रेघांवर बसतात अशी पट्टी शोधणे म्हणजेच लसावि. मग ४/१० या जुन्या उत्तराकडे बोट दाखवून विचारा, "तीन चतुर्थांशात आणखी काही मिळवलं, आणि उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं. असं होईल का?" हा प्रश्न मुलाला पुढे कुठल्याही बेरजेत उपयोगी पडतो.

भागाकारही याच पट्ट्यांवर. ३/४ ÷ १/८ म्हणजे १८ सेमीत ३ सेमीचे तुकडे किती? सहा. १/२ ÷ १/३ म्हणजे १२ सेमीत ८ सेमीचा तुकडा किती वेळा? एकदा पुरा आणि पुन्हा अर्धा, म्हणजे दीड. उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे येते याचा मुलांना धक्का बसतो, कारण 'भागले की कमी होते' हा समज पूर्ण संख्यांवर तयार झालेला असतो. तो इथेच बोलून मोडा. 'उलटा करून गुणा' हा नियम असे पंधरा-वीस भागाकार पट्टीवर झाल्यावरच द्या. आधी दिला तर मूल पहिलाच अपूर्णांक उलटा करते, नाहीतर दोन्ही करते.

पाचवे आणि दहावे भाग २४ सेमीत नीट बसत नाहीत, म्हणून दशांशासाठी वेगळी २० सेमीची पट्टी घ्या. तिच्यावर २ सेमी म्हणजे एक दशांश, २ मिलिमीटर म्हणजे एक शतांश. ०.५ दहा सेमीवर येतो, ०.३५ सात सेमीवर. हीच पट्टी टक्क्यांचीही: ३५ टक्के त्याच खुणेवर. अपूर्णांक, दशांश आणि टक्का ही एकाच जागेची तीन नावे आहेत हे डोळ्यांना दिसले की ३५० चे २० टक्के काढायला सूत्र लागत नाही. दहा टक्के ३५, त्याची दुप्पट ७०.

बाजारातले गुणोत्तर

एकमान पद्धत आधी पक्की करा. समजा ७ नारळ २४५ रुपयांना, तर १२ नारळांचे किती? एकाचे ३५, बारांचे ४२०. मग तुलना: बांगडे मासळीचा एक वाटा ६ नगांचा २०० रुपयांना, दुसरा ८ नगांचा २५० ला. पहिल्यात नग सव्वातेहतीसच्या थोडा वर पडतो, दुसऱ्यात सव्वाएकतीसला. पण पहिल्यातले बांगडे मोठे असले तर? मुलाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सगळे नग सारखे असे गृहीत धरल्याशिवाय एकमान चालत नाही.

टक्क्यातली नेहमीची फसगत अशी: ५०० च्या वस्तूवर २० टक्के सूट, नंतर किंमत २० टक्के वाढली. मुले ५०० सांगतात. खरे उत्तर ४८०, कारण दुसरे २० टक्के ४०० वर मोजायचे. प्रत्येक टक्क्यापुढे 'कशाचे?' असे लिहायची सवय लावा.

ऋण संख्या

उभी संख्यारेषा काढा. विहिरीचा काठ ० आणि पायऱ्या खाली −१, −२. −३ − ५ म्हणजे तिसऱ्या पायरीवरून आणखी पाच खाली, −८. −३ − (−५) साठी दुकानदाराची वही बरी पडते: हातात २ रुपये आणि वहीत ५ ची उधारी, म्हणजे एकूण हिशेब तीन रुपये देण्याचा, −३. ती पाच रुपयांची उधारी माफ झाली, तर हातात २ राहिले. ऋण गुणिले ऋण धन का, हे क्रमाने दाखवा: ३×(−२) = −६, २×(−२) = −४, १×(−२) = −२, ०×(−२) = ०. उत्तर दर वेळी २ ने वाढते आहे, म्हणून पुढचे (−१)×(−२) = २. नियम वहीत लिहिताना त्याच्या डोक्यावर 'फक्त गुणाकार-भागाकारासाठी' असे लाल पेनाने लिहून घ्या.

समीकरणे आणि तागडी

आधी आठवडाभर ७ + ५ = □ + ४ सारखी गणिते द्या, आणि १२ = □ + ९ अशी उलटीही. तागडीची दोन्ही पारडी सारखी, एवढाच '=' चा अर्थ.

शाळेत एक्स असतो, इथे क्ष लिहू. ३क्ष + ७ = २५. पहिले तीन आठवडे दोन्ही बाजूंना काय केले ते प्रत्येक ओळीत लिहायचे: दोन्हीकडून ७ वजा, ३क्ष = १८; दोन्ही बाजूंना ३ ने भागले, क्ष = ६. पडताळा: १८ + ७ = २५. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा तोडगा लवकर देऊ नका. तो मिळालेले मूल ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ काढते, आणि पडताळा न केल्याने तसेच पुढे जाते.

दुसरी चूक: २(क्ष + ३) = २क्ष + ३. रुंदी २ आणि लांबी क्ष + ३ असा आयत काढा, उभी रेघ मारून दोन तुकडे करा. दुसरा तुकडा २ × ३ म्हणजे ६ आहे, हे दिसते. आणि '३आ म्हणजे ३ आंबे' असे कधीही शिकवू नका. आ म्हणजे एका आंब्याची किंमत. अक्षर संख्येसाठी असते, वस्तूसाठी नाही. ७अब या चुकीचे मूळ बऱ्याचदा इथेच असते.

क्षेत्रफळ मोजायला जमीन लागते

३ मीटर × ४ मीटर खोलीत ६० सेमी × ६० सेमीच्या लाद्या बसवायच्या. क्षेत्रफळाने १२ ÷ ०.३६ म्हणजे तेहतीसच्या थोडे वर, म्हणून ३४. आता कागदावर आखून बघा: रुंदीत ५ बरोबर बसतात, लांबीत ६ पुऱ्या आणि ४० सेमीचा तुकडा. उरलेले २० सेमीचे तुकडे जोडून सांधा काढायचा नसेल तर ७ ओळी × ५ = ३५ लाद्या लागतात. सूत्र आणि प्रत्यक्ष मांडणी यांतला फरक मुलाला इथे कळतो. त्याच वेळी १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर, १०० नव्हे, हेही जमिनीवर खडूने आखून घ्या.

अंदाजासाठी नकाशा घ्या. गोवा उत्तर-दक्षिण सुमारे १०५ किमी, पूर्व-पश्चिम जास्तीत जास्त ६५ किमी. गुणाकार ६८२५ येतो, पण राज्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किमी. म्हणजे त्या आयताचे साधारण ५४ टक्के. उरलेले कुठे गेले, ते नकाशावर आयत आखून मुलानेच दाखवायचे.

रोजची ३० मिनिटे

पहिली पाच मिनिटे पत्ते आणि तोंडी. पुढची पंधरा चालू विषय, जास्तीत जास्त सहा गणिते. शेवटची दहा मिनिटे मागच्या आठवड्यांतली चार गणिते मिसळून: एक अपूर्णांक, एक वजाबाकी, एक टक्का, एक ऋण संख्या. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली की मूल पद्धत निवडायला शिकत नाही, कारण पद्धत वरच्या मथळ्यावरच लिहिलेली असते. परीक्षेत मथळा नसतो.

चुकांची वेगळी वही ठेवा: चुकलेले गणित, काय वाटले होते, खरे काय. दर शनिवारी त्यातली तीन गणिते आकडे बदलून पुन्हा द्या. चतुर्थीच्या सुट्टीत बाकी सगळे बंद ठेवले तरी चालेल, पत्त्यांची पाच मिनिटे मात्र चुकवू नका. दोन आठवड्यांच्या खंडाने नवे बसलेले गुणाकार आधी जातात.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी तीच दहा गणिते आकडे बदलून द्या, पुन्हा पेनाने, आणि पुन्हा "कसं केलंस ते सांग" विचारा. उत्तर बरोबर आहे पण कारण सांगताना मूल "बाईंनी असंच सांगितलंय" म्हणत असेल, तर त्या विषयाच्या पट्ट्या किंवा तागडी आणखी दोन आठवडे बाहेरच ठेवा.